सेलिंदाच्या घराची मिंगा

सकाळी उठल्यावर सेलिंदा चिगुआय पाणी पीत नसे. तहान कितीही लागो, घोटभरसुद्धा नाही. कारण साधं होतं. पाणी प्यायलं की तासाभरात लघवीला लागणार, तासाभरानं ती असणार खाली बागेत, आणि संडास वर घरापाशी. खाली जायला तिला दहा मिनिटं लागत, वर यायला पाऊण तास. धडधाकट माणसाच्या स्वप्नातही हे येत नाही. तो पाणी पितो आणि कामाला लागतो.

पाच वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा पाय नेला. पाय होता जागेवरच, पण असून नसल्यासारखा. उरलेल्या पायावर आणि दोन कुबड्यांवर तिनं पन्नास वर्षं काढली, आणि रडत नाही काढली. चुलीपुढं उंच स्टूल, पातेली हाताला येतील अशी खुंट्यांवर, बादलीऐवजी किटलीनं थोडं थोडं पाणी. बाग खाली समुद्राकाठी. तिथवरच्या उतारावर तिनं कुंपणाच्या खांबांना जाड दोर बांधून घेतला होता. मेंढीचं कातडं बुडाखाली घ्यायचं आणि बसून घसरत खाली जायचं. येताना पाठमोरं, दोर धरून, वीत वीत वर. वाफ्यांची रुंदी एका कुशीवर पडून हात पुरेल एवढीच. कुदळीचा दांडा तिनं स्वतः करवतीनं कापून हातभर ठेवला होता. भरतीनं आणलेलं शेवाळ पत्र्यावर ओढायचं, पत्र्याची दोरी कमरेला बांधायची, आणि सरपटत वाफ्यापर्यंत न्यायचं. बघणाऱ्याला बघवत नसे. तिला मात्र त्यात काही विशेष वाटत नसे.

आणि तिचे बटाटे! जांभळे, काळे, बोटांसारखे लांब, आतून गुलाबी. एकोणीस जातींचं बियाणं होतं तिच्याकडं. आख्ख्या आउचेल गावात कुणाचं बी कुजलं की तो सेलिंदाकडं यायचा. आजीनं आणि आईनं शेवाळ घालघालून ती माती काळीभोर केलेली. वर घराभोवती नुसती चिकणमाती आणि धोंडे. "बाग वर हलव की," असं सांगणारे शहाणे पुष्कळ होते. माती म्हणजे काय घोंगडी आहे, इथून उचलली आणि तिथं अंथरली?

पण यंदा हिवाळ्यात तिचा चांगला पायही दगा द्यायला लागला. जूनमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, एकदा भर पावसात, अर्ध्या उतारावर गुडघ्यातून जीवच गेला. वर जाता येईना, खाली येता येईना. तीन तास ती दोर धरून चिखलात बसली. शेवटी थोरल्या भावाची विधवा, शेजारची ओदिलियावहिनी, कोंबड्या हुडकत आली म्हणून बरं. नाहीतर संपलंच होतं.

ते ऐकून धाकटा भाऊ रेमिहियो पुएर्तो मोंत शहरातून आला. चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "बस झालं, ताई. ऑक्टोबरच्या शेवटी मी ट्रक घेऊन येतो. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे."

"आणि बटाटे?"

"बटाटे बाजारात मिळतात की."

भाऊ वाईट नव्हता, वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तो गेल्यावर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत आपण बसलोय, पायाखाली फरशी आहे आणि करायला काही नाही, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या दिवशी तिनं वहिनीला हाक मारली.

"वहिनी, बाग वर येत नाही ना? मग घर खाली जाईल."

परक्या माणसाला वाटेल, बाईला भ्रम झाला. पण चिलोए बेटावर घरं चालतात. लाकडाचं घर, त्याच्याखाली दोन लांब ओंडके सारायचे, पुढं बैल जुंपायचे, शेजाऱ्यांनी खांदा लावायचा, की निघालं घर. याला मिंगा म्हणतात. मिंगेला मजुरी नसते. ज्याचं काम असेल त्यानं स्वतः दारोदार जाऊन विनवणी करायची, "अमक्या दिवशी या." लोक येतात, राबतात, पोटभर खातात, सफरचंदाची दारू पितात आणि घरी जातात. उद्या त्यांच्याकडं काम निघालं की आपण जायचं. सावड फिटली. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय.

सेलिंदा अडायची ती इथंच. सावड ती कशानं फेडणार? बैल हाकता येत नाहीत, ओंडका उचलता येत नाही, कुणाच्या छपरावर चढता येत नाही. आजवर दुसऱ्यांच्या मिंगा झाल्या, तिला कुणी बोलावलं नव्हतं. "तू कशाला त्रास घेतेस, बाई," असं म्हणून जाताना तिच्या घरी ताट पोचवायचे. आता तिच्या घरासाठी निदान सहा बैलजोड्या हव्यात, चार पुढं ओढायला आणि दोन मागून आवरून धरायला. तीसेक माणसं. कुठल्या तोंडानं मागायचं?

तिनं तोडगा काढला, आणि तिथंच माती खाल्ली. बारा घरांसाठी बारा पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत आपलं उत्तमातलं उत्तम बियाणं भरलं.

ओदिलियानं पिशव्या बघितल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, विनवणीबरोबर असलं काही देतात का? रिकाम्या हातानं जायचं असतं."

"तू ने गं. माझी गोष्ट वेगळी आहे. मागनं कुणी म्हणायला नको, लंगडीनं फुकटात घर ओढून घेतलं."

"कोण म्हणणारेय?"

"म्हणतील. तोंडं आहेत त्यांना."

ओदिलियाला नणंदेपुढं कधी बोलता आलं नाही, त्या दिवशीही आलं नाही. पेरणी तोंडावर आली तशी एका सोमवारी ती बाराही दारी जाऊन आली. येत्या शनिवारी मिंगा, आणि ही सेलिंदाकडून पिशवी.

मंगळवारी सकाळी फाटकावर एक पिशवी लटकलेली दिसली. न उघडता, गाठ तशीच. सेलिंदाला वाटलं, कुणाची तरी राहून गेली असेल. दुपारपर्यंत चार झाल्या. बुधवारी संध्याकाळी नऊ. निरोप नाही, चिठ्ठी नाही, कुणी दारावर थाप मारली नाही. नुसत्या पिशव्या.

"दुकानात काय बोलणं चाललंय?" तिनं वहिनीला विचारलं.

"काही नाही."

"वहिनी."

ओदिलियानं शालीचं टोक चाळवलं. "बाउदिलियो म्हणाला, सेलिंदाला गडी हवे असतील तर कास्त्रोच्या बाजारात भाड्यानं मिळतात."

बाउदिलियो कार्कामो म्हणजे आउचेलमधल्या प्रत्येक मिंगेचा म्होरक्या. सत्तरीचा गडी, दोन बैलजोड्या, आवाज असा की खाडीपलीकडचे कुत्रे भुंकतात. तो ज्या घरापुढं उभा राहील ते घर हलतं, नाहीतर नाही. आणि तो रागावला होता. सेलिंदाला एकदम कळलं, आपण काय करून बसलो ते. ज्यांना शेजारी म्हणून बोलवायचं त्यांना मजुरी धाडली होती, तीही आगाऊ. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. आणि लाजेच्या पाठोपाठ भीती. शनिवारला दोन दिवस राहिले होते. शनिवार हुकला की पेरणीचा पंधरवडा हुकला, तो हुकला की रेमिहियोचा ट्रक दारात.

गुरुवारी पहाटे तिनं चांगला झगा घातला. "वहिनी, हातगाडी काढ."

"कुठली?"

"बटाट्याची. मला बाउदिलियोकडं ने."

चढ लांब होता आणि हातगाडीचं चाक एक. साठीची ओदिलिया ढकलता ढकलता घामाघूम झाली. "तुझं वजन वाढलंय गं."

"माझं वजन तेवढंच आहे. तुझं वय वाढलंय."

"उतरवू का इथंच?"

"उतरव. सरपटत जाईन."

गेलीही असती. दोघींनाही ते ठाऊक होतं, म्हणून ओदिलिया गुमान ढकलत राहिली.

बाउदिलियोच्या घराला पाच पायऱ्या. तो वर ओट्यावर बसला होता, हातात 'माते' म्हणतात त्या कडू चहाचं नळीचं भांडं. बघत होता, पण उठला नाही. ओदिलिया हात द्यायला पुढं झाली, तर सेलिंदानं तिला मागं सारलं. ती पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली, हातांच्या रेट्यानं अंग दुसरीवर घेतलं, मग तिसरीवर. मेलेला पाय मागनं फरपटत येत होता. चौथीवर दम लागला. पाचवीवर पोचली तेव्हा झगा चिखलानं भरला होता. तिनं तोंड वळवलं.

"दादा, शनिवारी माझ्या घराची मिंगा आहे. विनवायला आलेय."

"पिशवी आणलीस का?"

"नाही."

"मग काय देणार?"

तिच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. बी देईन, लोकर कातून देईन, मोजे विणीन. आयुष्यभर हेच तर केलं होतं. कुणी दोन पैशांची मदत केली की चार पैशांचं काहीतरी त्याच्या हातात कोंबायचं, म्हणजे मान खाली घालायला नको. ती सगळं गिळून बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "काही देणार नाही. आणि सावडही फेडता यायची नाही माझ्यानं, ते आधीच सांगते. तरी या."

बाउदिलियोनं नळी ओठातून काढली. "पन्नास वर्षांत माझ्या दारात पहिल्यांदा आलीस."

"पाच पायऱ्या आहेत, दादा."

त्याच्या मिशा जराशा हलल्या, हसला की काय कोण जाणे. मग उठून आत गेला, दुसरं भांडं भरून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "बघू," म्हणाला. एवढंच.

बघू! त्या 'बघू'नं तिचा जीव अर्धा केला. नकार असता तरी बरा, निदान माणूस मोकळा होतो. त्या दिवशी आणि शुक्रवारी मिळून दोघींनी पिशवी परत पाठवणारी उरलेली आठही घरं केली. कुठं दोन पायऱ्या, कुठं चिखल, कुठं अंगावर येणारं कुत्रं. जिथं जाईल तिथं "बघू." एकानं, कार्मेलो बार्रियानं, "पाऊस नसला तर," अशी पुस्ती जोडली. चिलोएत पाऊस नसला तर! कार्मेलो काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली बघायला लागला.

शनिवार उजाडला तो धुक्यात. शुक्रवारीच ओदिलियाच्या दोन भाच्यांनी खिडक्या काढल्या होत्या, चूल बाहेर नेली होती, धुराडं उतरवलं होतं. घर ओंडक्यांवर चढवून तयार होतं. म्हणजे आज कुणी आलं नाही, तर राहायलाही घर नाही. अंगणात मोठ्या कढईत चाळीस माणसांचं मटण रटरटत होतं. सेलिंदा रिकाम्या खोलीत स्टुलावर बसली होती. खिडकीच्या भोकातून वाट दिसायला हवी, पण दिसत होतं नुसतं धुकं.

सात वाजले. साडेसात. ओदिलिया तिसऱ्यांदा म्हणाली, "मीठ बरोबर आहे का बघ गं," आणि सेलिंदा तिसऱ्यांदा तिच्यावर खेकसली. आठ वाजले. मनात सेलिंदानं बियाणं वाटून टाकलं. काळे वहिनीला, गुलाबी कार्मेलोच्या बायकोला, लांबडे कुणालाच नको, त्यांची कुणाला किंमत नाही. पुएर्तो मोंतला न्यायच्या चार झग्यांची घडीसुद्धा घातली.

मग बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला.

आधी कार्मेलो, एक जोडी. मागून दोघे भाऊ, दोन जोड्या. मग एक, मग आणखी एक. पाच. माणसं म्हणाल तर पंचवीसेक, बायका वेगळ्या. सगळे येऊन थांबले. सगळे मागं वळून वाटेकडं बघत होते, आणि सेलिंदाही. पाचांवर हे घर उतरवणं म्हणजे मरणाला हाक. सव्वाआठ झाले.

"झोपलात काय रे?" धुक्यातून आवाज आला. "लंगडी माझ्याकडं चढून येते आणि तुम्हाला दोर ताणायला दुपार हवी?"

दोन जोड्या घेऊन बाउदिलियो आला. सेलिंदाला रडू कोसळलं. तिनं ते लपवलंही नाही.

तिला बाहेर आणलं तशी ती कढईकडं निघाली. बाउदिलियोनं काठी आडवी घातली. "कुठं?"

"स्वयंपाकाला."

"ते बायका बघतील. या उतारावर गवताखाली पाणी कुठं आहे?"

"दादा, मी..."

"अगं, उतार तुझ्या बुडाला पाठ आहे. बोल!"

सगळी मंडळी फिदीफिदी हसली. सेलिंदा लाल झाली आणि मग तीही हसली. खरंच पाठ होता. डाव्या अंगाला तिसऱ्या खांबापाशी ओल, वरनं हिरवंगार, आत बैल पोटापर्यंत जाईल. त्याच्या खाली खडक, त्याला टेकून घ्या. तिला कातड्यावर बसवून दोराच्या कडेनं खाली आणलं. घर वरून येतंय आणि ती समोरून ओरडतेय, "उजवीकडं! अजून! तिथं नको, तिथं नको!"

अर्ध्यावर मागचा एक दोर तुटला. आवाज बंदुकीसारखा झाला. घर हातभर घसरलं, एका अंगावर कललं, मागच्या दोन्ही जोड्या गुडघ्यांवर आल्या. कार्मेलो घराच्या खालच्या बाजूला होता. माझ्या दोन खोल्यांसाठी कुणी गेलं तर? लिफ्टमध्ये बसून मुकाट मरायला काय झालं होतं मला? सेलिंदाला स्वतःचा भयंकर राग आला. कार्मेलोनं चिखलातून डोकं वर काढलं आणि त्याच्या आईनं कधी शिकवली नसेल अशी शिवी दिली.

"जिवंत आहे," बाउदिलियो ओरडला. "दुसरा दोर!"

दुपारी एकला घर वाफ्यांच्या कडेला जाऊन बसलं. एका कोपऱ्यानं लसणाचा वाफा चिरडला. सेलिंदानं तेवढ्यातही तोंड सोडलं, "आंधळ्यांनो, लसूण!" आणि सगळ्यांना बरं वाटलं. मग मटण झालं, बटाट्याच्या भाकरी झाल्या, दारू झाली. कुणीतरी अकॉर्डियन काढलं. चार वाजता पाऊस आला तशी मंडळी पांगली.

ओदिलिया आत चूल लावत होती. सेलिंदा दाराशी बसली होती. दारापासून पहिला वाफा सहा हातांवर. ती नुसती बघत होती. कान मात्र अजून ताठ होते. अजून काहीतरी मोडेल, कोसळेल, कुणीतरी येऊन सांगेल की चूक झाली, असं वाटत होतं.

बाउदिलियो बैल घेऊन फाटकापर्यंत गेला होता. तिथं थांबला. बैल खांबाला बांधले आणि परत आला. दार उघडंच होतं तरी त्यानं चौकटीवर थाप मारली. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. टोपी काढली.

"सेलिंदा चिगुआय, गुरुवारी माझ्या बटाट्यांची लावणी आहे. विनवायला आलोय."

सेलिंदानं मागं वळून बघितलं. "वहिनीला म्हणताय ना?"

"तिला वेगळं विचारीन. तुला विचारतोय."

पन्नास वर्षांत या घराच्या दारात कुणी हे शब्द बोललं नव्हतं. सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, ताटं पाठवली होती, आणि सांभाळता सांभाळता गावाबाहेर ठेवलं होतं. तिला ते आत्ता कळलं. लगोलग पुढचंही दिसायला लागलं. गुरुवार. डोंगरावरचं शेत. उजवा पाय अर्ध्यातच गेला तर? सगळ्यांच्या सऱ्या पुढं गेल्या आणि आपली मागं राहिली तर?

"दादा, माझ्यानं होईल का?"

"ते मला काय ठाऊक?" बाउदिलियो वैतागला. "होईल तेवढं होईल. सात वाजता सुरू करतो. उशीर करू नकोस."

पाऊस त्याच्या टकलावर पडत होता. टोपी अजून हातातच होती. विनवणारा उत्तर मिळाल्याशिवाय टोपी घालत नाही.

"येईन," सेलिंदा म्हणाली. पावसात त्याला ऐकू गेलं नसेल अशी तिला भीती वाटली, म्हणून तिनं पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं, "येते म्हटलं ना!"